शर्टाचे शेपूट

आमच्या गावाला एक जुनी खोड आहे. जे उभे असते ते आधी पाडायचे आणि पाडून झाले की त्याचे स्मारक उभारायचे. लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षण शाळेचेही तेच झाले. तिच्या धावपट्टीवर आता वाहनपरवान्याच्या चाचण्या होतात. जिथून माणसे आभाळात गेली, तिथे लोक गाडी मागे घेताना खांबाला धडकतात. विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये सिमेंटचे गोदाम आहे. उरलेल्या एका खोलीत गेल्या वर्षी स्मृतिदालन थाटण्यात आले. तिथल्या फलकावर शाळेच्या सर्व प्रमुखांची नावे आहेत, विमानांचे प्रकार आहेत, फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे तर छायाचित्रही आहे. शाळेच्या शिंप्याचा उल्लेख मात्र कुठेही नाही. मी रीतसर तक्रार केली. 'नोंद घेतली आहे' असे उत्तर आले. आमच्याकडे नोंद घेतात ती विसरण्यासाठीच. तेव्हा हे लिहिणे भाग आहे.

तो शिंपी म्हणजे माझे थोरले मामा.

शाळा युद्धाच्या घाईत सुरू झाली. गावाबाहेरचे गायरान सपाट केले, तंबू ठोकले आणि शिकवायला सुरुवात झाली. युद्ध संपले, शाळा राहिली. फाटके तंबू शिवायला म्हणून मामा कोवळ्या वयात तिथे लागले. पुढे तंबू जाऊन बराकी आल्या, तरी मामा आपल्या यंत्रासह जागचे हलले नाहीत. शेडच्या मागे त्यांची खोली होती. तेलाचा आणि नव्या खाकी कापडाचा वास, पायाखाली कातरणांचा थर, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून जाणाऱ्या पिवळ्या विमानाने थरथरणारी खिडकीची काच. गावात घड्याळे असून नसल्यासारखीच होती. पहिले विमान उडाले की आई मला उठवत असे. आता मोबाईलचा गजर उठवतो. त्या आवाजाने जाग येते, उमेद येत नाही.

शाळेचा एक रिवाज होता. शिकाऊ पुढे बसे, प्रशिक्षक मागे. इंजिनाच्या गोंगाटात बोललेले ऐकू जात नसे, म्हणून काही चुकले की प्रशिक्षक शिकाऊच्या शर्टाचे मागचे टोक ओढून इशारा देत. ज्या दिवशी शिकाऊ पहिल्यांदा एकटा उडून सुखरूप उतरे, त्या दिवशी ते टोक कापून टाकत. आता ओढणारा कोणी नाही, मग शेपूट हवे कशाला? कापलेले शेपूट भोजनगृहाच्या भिंतीवर लागे, आणि उरलेला अर्धा शर्ट घेऊन तो पोरगा हसत मामांकडे येई. मामा नवा तुकडा जोडून देत, तोही मुद्दाम करड्या रंगाचा. मिळवलेली गोष्ट लपवायची कशाला, असे त्यांचे म्हणणे. सगळी शाळा त्यांना शेपूटमामा म्हणे. इतर ठिकाणी शेपूट घालणारे वर चढतात, आमच्याकडे कापून घेणारे चढतात, असे ते ऐकवत.

आईवडील लवकर गेल्यामुळे आईला आणि धाकट्या मामांना त्यांनीच वाढवले. धाकटे मामा जिद्दीने त्याच शाळेत शिकाऊ म्हणून दाखल झाले, तेव्हा त्यांचा गणवेश थोरल्यांनीच शिवला. आई सांगते, शर्टाचे मागचे टोक त्यांनी चांगले वीतभर जास्त ठेवले होते. कापणाऱ्याचा हात भरला पाहिजे म्हणून.

पण शाळेचे दिवस भरले होते. नव्या वेगवान विमानांना धावपट्टी आखूड पडू लागली. लांबवावी तर भोवती घरे उठलेली. बंद करण्याचा हुकूम आला. एकटे उडून झालेले दुसऱ्या शाळेत जाणार होते, बाकीच्यांनी घरी जायचे होते. धाकट्या मामांची एकटे उडण्याची पाळी आली आणि ढग खाली उतरले. अखेरच्या दिवसापर्यंत ढग हटलेच नाहीत.

निरोपाच्या चहाला सगळे भोजनगृहात जमले. धाकटे मामा कोपऱ्यात मान खाली घालून उभे. प्रशिक्षकांना ते पाहवेना. कागदोपत्री आता काही करता येत नाही, पण हा एकटा उडाला असता याबद्दल आपल्याला शंका नाही, भिंतीवर तरी याचे शेपूट लागू दे, असे म्हणून त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री नेहमी थोरल्या मामांची असे.

मामांनी ती दिली नाही.

"अहो मामा, भाऊ तुमचाच ना?" प्रशिक्षक म्हणाले.

"म्हणूनच, साहेब. परक्याचं असतं तर दिलीही असती."

चहा तसाच निवला. बाहेर पडताना धाकटे मामा एवढेच म्हणाले, "गावच्या पोरांची शेपटं जोडलीस. माझ्या वेळेला तुझी कात्री बोथट झाली."

पुढे ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. थोरल्यांशी सरळ बोलणे संपले ते संपलेच. दोघे आमच्याकडे जेवायला येत, शेजारी बसत. "त्याला सांग, मीठ दे." "त्याला सांग, मीठ त्याच्या हाताशीच आहे." आईचा जन्म टेलिफोन केंद्रासारखा गेला. थोरले मामा भावाचा शर्ट शिवीनात, धाकटे माप द्यायला जाईनात.

दालनाच्या उद्घाटनाला गावात उरलेला अखेरचा शिकाऊ म्हणून धाकट्या मामांना व्यासपीठावर बसवले. थोरले मामा माझ्या आधाराने मागच्या खुर्चीवर बसले. त्यांना निमंत्रण नव्हतेच, मी नेले होते. समारंभाच्या अध्यक्षांना छायाचित्र हवे होते. ज्या सोनेरी कात्रीने फीत कापली, तीच घेऊन ते धाकट्या मामांच्या मागे गेले आणि त्यांचा शर्ट पँटमधून ओढू लागले. लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

धाकट्या मामांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. मी एकटा उडालो नव्हतो."

अध्यक्ष हसत कुजबुजले. ध्वनिवर्धक चालू असल्याने ते सर्वांनी ऐकले. "आता कोणाला कळणार आहे?"

धाकट्या मामांनी हनुवटीनेच मागच्या खुर्चीकडे दाखवले. "त्याला."

मग ते पायऱ्या उतरून आले आणि थोरल्यांशेजारी बसले. वर भाषण पुन्हा सुरू झाले; इतिहासाचे जतन वगैरे. थोरले मामा बराच वेळ भावाच्या कॉलरकडे बघत राहिले.

"कॉलर वाकडी आहे. तयार घेतलास ना?"

"तू कुठे शिवून देत होतास?"

"तू कुठे माप द्यायला आलास?"

थोरल्यांनी खिशातून टेप काढली. सभा चालू असताना, खुर्चीतून जरा पुढे वाकून, त्यांनी भावाच्या खांद्यांचे माप घ्यायला सुरुवात केली. धाकटे मामा शाळकरी पोरासारखे ताठ बसले आणि हळूच म्हणाले, "मागचं टोक लांब ठेव."