लागनं का?

“लागनं का वं माय?” एकेक बांगडी मनगटावर चढली की आमची बांगडीवाली विचारायची. लागलं का, एवढंच. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. हात असा आवळायची की डोळ्यांत पाणी यावं, पण तिच्यापुढे कबूल कोण करणार! सगळ्या हसून “नही” म्हणत.

माझं लग्न आठ दिवसांवर होतं. ओट्यावर चुडा भरताना एक बांगडी फुटली. मनगटाखाली, करंगळीच्या बाजूला, माझ्या हातावर एक फिक्कट चट्टा होता. काच नेमकी तिथे घुसली. रक्त आलं.

“लागनं का?”

“नही,” मी म्हणाले. आणि खरंच लागलं नव्हतं.

तिचा हात थांबला. “या मापन्या बांगड्या सरी गयात,” ती मोठ्यानं म्हणाली. संपल्या म्हणे, पण टोपलीत त्याच मापाच्या बांगड्या दिसत होत्या. तिनं आईला परसात नेलं. आई परतली ती थेट माझ्या हातावरचा चट्टा पाहू लागली. महारोग झालेल्याला तेव्हा गावाबाहेर झोपडी बांधून देत.

दुसऱ्या दिवसापासून आई, बांगडीवाली आणि मी, अशा तिघी डॉक्टर शोधत निघालो. कोरीटच्या वैद्यबुवांनी अंगणातूनच पाहून लेप दिला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडून मलम दिलं. काही नाही, लग्न उरका, असं दोघेही म्हणाले. आम्हाला तेच हवं होतं. बांगडीवाली मात्र हटून बसली. नवापूरच्या बाजारात तिनं तिथल्या एका डॉक्टरांचं नाव ऐकलं होतं.

“मावशी, तुले काय समजस? तू बांगड्या भर!” मी ओरडले. आजही त्याची लाज वाटते.

“त्यासनी तुन्हा हात धरा का?” ती म्हणाली. “जो हात धरी, तोच डाक्टर.”

नवापूरच्या डॉक्टरांनी धरला. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, कोपराची शीर चाचपली. रोग तोच निघाला, पण लवकर सापडला होता. वर्षभर सुया घ्यायच्या होत्या. लग्न मोडलं. घरात माझं ताट वेगळं झालं, शेजारणी येईनाशा झाल्या.

ती मात्र दर महिन्याला यायची. सगळ्यांदेखत माझा हात मांडीवर घेऊन आवळायची. “लागनं का?” मी नकारार्थी मान हलवायची आणि ती पुढची बांगडी चढवायची.

एकदा मी किंचाळलेच. “लागनं!”

ती पदर तोंडाशी धरून रडली. मग खात्री करायला पुन्हा आवळला.

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. नवा बांगडीवाला हलक्या हाताचा आहे, काही विचारत नाही. मी त्याला मुद्दाम एक माप लहान काढायला सांगते.