मानकोलीजवळच्या तीन शिडीगाड्या

आमच्या पथकाच्या शिडीगाड्यांचा इतिहास लिहून द्याल का, असा बाळाराम काकांचा फोन आला. ते मानकोलीजवळच्या एका गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचे प्रमुख. माझा ब्लॉग त्यांच्या सुनेने दाखवलेला. रविवारच्या ग्रामसभेत मोठी शिडीगाडी भंगारात द्यायची का, हे ठरणार होते. सरपंचांची अट होती, तिने एक तरी माणूस वाचवल्याचे लिहून दाखवा. मी शनिवारी निघाले.

डोंबिवलीहून खाडीवरच्या नव्या पुलाने रिक्षा केली तर मानकोली जवळ पडते, पण कंटेनरच्या रांगेसाठी पाऊण तास जास्तीचा धरा. वडापाव नाक्यावरच खा, गावात हॉटेल नाही.

काकांनी गाड्या क्रमाने दाखवल्या. पहिली म्हणजे टेम्पोवर बांधलेली बांबूची शिडी. दुसरी म्हणजे पाण्याचा टँकर. त्याची शिडी एका लग्नात मांडवासाठी गेली ती परत आलीच नाही, तरी गाव त्याला शिडीगाडीच म्हणते. तिसरी खरी, भंगारात जायची तीच. यंत्राने वर जाणारी शिडी आणि टोकाला पिंजरा.

"हिने कुणाला वाचवलं?"

"दहीहंडीच्या दोऱ्या हिच्यावरनंच बांधतो."

"माणूस, काका."

"मांजर लिवा. पन ते आपलं आपनच उतरलं."

पथकाचे मेकॅनिक रफिकभाई एरवी कापडाचे यंत्रमाग दुरुस्त करतात. ते म्हणाले, "लिख दो ना ताई, चार आदमी. कोण मोजायला येतंय?"

मला ते जमेना. मला आईने घरीच शिकवले, आणि न पाहिलेले लिहिले की ती पान फाडायची. शिडी चालते, एवढे तरी स्वतः पाहून लिहावे म्हणून मी पिंजऱ्यात चढले.

एका मजल्याएवढी वर गेल्यावर शिडी अडकली. दर दसऱ्याला गाडीला प्रेमाने लाल रंगाचा एक हात देतात, सांध्यांसकट. या वेळी मी येणार म्हणून सकाळीच दिला होता. मी पायरीवर पाय ठेवणार, तोच काका म्हणाले, "उतरू नका ताई, रंग वला हाय."

"कधी वाळेल?"

रफिकभाईंनी डब्यावरचे वाचले. "छह घंटे."

मी पिंजऱ्याची दांडी दोन्ही हातांनी धरून खाली बसले. ते दिसल्यावर मात्र काकांनी टेम्पो मागवला, बांबूची शिडी पिंजऱ्याला टेकवली आणि स्वतः वर आले. "खाली न्हाय बघायचं. माझ्या टोपीकडं बघा." मी टोपीकडे बघत उतरले.

मग सगळे माझ्या वहीकडे बघायला लागले. मी लिहिले : वाचवलेली माणसे, एक. कोणत्या गाडीने? पहिलीने. कशावरून? तिसरीवरून.

घरी आल्यापासून हे लिखाण खरे असूनही मला चैन नव्हते. काकांची गाडी माझ्याच ओळीने जाणार, असे वाटत होते. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"राहिली, ताई. सरपंच म्हनले, तिसरी गेली तर पहिलीला काम न्हाय उरनार."