मिस्त्रींचे गुडघे आणि पोस्टातल्या बाई

आमचे हे फरशी बसवतात. निम्मं गाव यांच्या हातच्या जमिनीवर चालतं, पण स्वतः यांना कोपऱ्यापर्यंत जायचं म्हणजे संकट. जन्म गुडघ्यांवर बसून काढला, आता गुडघ्यांनीच हात टेकले. सगळे यांना मिस्त्री म्हणतात. रागावले की मीही म्हणते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी यजमानांच्या तोंडाआधी हे त्यांच्या जमिनीकडे बघतात, आणि कुठे सांधा वाकडा दिसला की चहा यांच्या घशाखाली उतरत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, झिजलेत, ऑपरेशन करावं लागेल. हे म्हणाले, करू, पण त्याआधी मला डोंगरापलीकडच्या देवाला चालत जायचंय. डॉक्टर हसले, त्यांना गंमत वाटली. काम आणि देव या दोन बाबतींत हा माणूस गंमत करत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? देवाने दिलेले गुडघे आहेत तोवर त्यांच्यावर जायचं, एवढंच यांचं म्हणणं होतं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती पोस्टातल्या बाईंपासून.

या बाई मागच्या गल्लीत राहतात. नोकरीभर पायी टपाल वाटलं, आता निवृत्त झाल्या. चालण्यातलं त्यांना कळतं म्हणून यांनी सल्ल्यासाठी बोलावलं. सल्ला म्हणजे किती वेळाचा असतो? एक कप चहाचा. पण रोज संध्याकाळी बाई हजर, आणि रोज मी चहा टाकतेय. अंगाने काटक, पाठ ताठ, जमिनीवरून उठताना कशाचा आधार लागत नाही. उठल्या की हे कौतुकाने म्हणणार, "बघ, याला म्हणतात गुडघे!" माझेही गुडघे धडधाकट आहेत हो. पण पिकतं तिथे विकत नाही.

गुडघ्याखाली जाड काहीतरी घेऊन बसत जा, म्हणून मी लग्नापासून कानीकपाळी ओरडतेय. "गादीवर बसून काय फरशी लावतात?" हे यांचं उत्तर. बाईंनी एकदा, फक्त एकदा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांना जाड पट्टे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज तेल चोळायला मी, आणि ऐकायचं बाईंचं.

त्यात यांनी बाहेरच्या खोलीत जमिनीवरच खडूने सगळी वाट मांडली. समोरच्या भिंतीशी देऊळ, उंबऱ्याशी आमचं घर, आणि मधली एकेक फरशी म्हणजे एका दिवसाची चाल. कुठे सावली, कुठे पाणी, कुठे चढ, सगळं खुणा करून. मला हुकूम, इथे फडकं मारायचं नाही. माझ्या घरात माझ्या फडक्याला बंदी, आणि बाई त्याच फरश्यांवर मांडी घालून बसलेल्या!

एकदा मी सहज विचारावं तसं विचारलं, "मुक्कामाच्या सोयीचं काय?"

"सांगून ठेवलंय. दोन माणसांचं," हे म्हणाले.

दोन. दुसरं कोण, हे मी विचारलं नाही. विचारून हलकं कोण होणार? पण त्या दिवशी भाजी करपली आणि मी ती तशीच वाढली.

मग ती संध्याकाळ. मी चहा घेऊन गेले तर हे भिंतीशी बसून बाईंना समजावत होते. "देवळापासून निघालं की हा मोठा चढ, पुढे घरापर्यंत जवळजवळ सपाटच. चढाचं मला भय नाही. गुडघ्यांचा जीव जातो तो उतारावर."

खरंच होतं ते. आमचा जिना हे एका दमात चढतात. उतरताना मात्र कठडा धरून, शिडीवरून यावं तसे उलटे उतरतात. बाई मान डोलावत होत्या. त्यांचं सगळं चालणं सपाट गल्ल्यांतलं. मी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"अहो, जाणार कुठून? इथूनच ना?" मी म्हटलं. "मग इथून जाताना तो चढ कसा? तो उतार आहे. सगळ्यात मोठा, आणि अगदी शेवटी."

हे खडूच्या खुणांवरून उलटं बोट फिरवू लागले. फरशी लावायची ती समोरच्या भिंतीपासून, मागे मागे सरकत दाराशी यायचं, नाहीतर लावणारा आतच अडकतो. हाताला तीच सवय. यात्राही यांनी तशीच मांडली होती, देवापासून दारापर्यंत.

मला इतका आनंद झाला! बाईंना दिसलं नाही ते मला दिसलं. मग यांच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे नाही जमणार," हे हळूच म्हणाले, आणि माझा आनंद निम्मा झाला.

"मग तसंच चला की," बाई म्हणाल्या. "देवाला गाडीने जा, तिथून चालत घरी या. मांडलीय तश्शी."

"देवाला पाठ दाखवून?" हे म्हणाले. "घरी यायला कुणी यात्रा करतं का? आणि एवढं चालून येऊन दाराला कुलूप बघायचं?"

"कुलूप कशाला?" मी फणकारले. "मी आहे की घरात. मी कुठे जाणार?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू घरात कशी असशील? तू बरोबर असणार."

"आणि या?"

"मी?" बाईंना हसू आवरेना. "छे हो वहिनी! आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारापर्यंत चालले. आता मला कुणी सोनं दिलं तरी मी नाही जायची. मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आम्ही दोघं जाणार."

म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत, मला सोडून. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मी भडकलेच.

"मला कधी विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तू नसलीस तर गुडघ्यांना तेल कोण लावणार?"

बाईंवर जितकी जळले नसेन तितकी त्या घटकेला मी त्या दोन गुडघ्यांवर जळले. घर घेतलं तेव्हा विचारलं नाही, पोरीचं लग्न ठरवलं तेव्हा नाही, आणि आता देवाला न्यायचं तेही तेलाच्या बाटलीसारखं!

"मग गुडघ्यांनाच घेऊन जा. मी येत नाही," मी म्हटलं आणि ट्रे मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

बाईंनी चहा संपवला. "मिस्त्री, विचारा," एवढंच बोलून त्या उठल्या.

हे भिंतीला धरून उभे राहिले. खडूची सगळी वाट पायांनी पुसत माझ्यापर्यंत आले. खाली बघायची यांची खोड, पण या वेळी माझ्याकडे बघितलं.

"माझ्याबरोबर चालत घरी येशील का?"

बाई अजून दारात चपला घालत होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं, "बघते. विचार करून सांगते."