अण्णांनी कंपनीला गाडी लावली

आमचे अण्णा, म्हणजे सायखेड्याचे सावळीराम खालकर, कधी खोटं बोलत नाहीत असं सगळं गाव म्हणतं. हे अर्धंच खरं आहे. जेवायच्या वेळी पाहुणे वाढले की "मला भूक नाय" आणि दवाखान्यात गेलं की "काय दुखत नाय", ही दोन खोटी ते सराईतासारखी बोलतात. व्यवहारात मात्र कधीच नाही, आणि त्यामुळेच आमच्या जिवाला घोर.

तरुणपणी शेती सांभाळून ते बैलांचे सौदे जमवायचे. मालेगावच्या बाजारात त्यांचा एक नेम होता. भाव बोलायच्या आधी बैलाची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, औताला जुंपल्यावर खाली बसत असेल तर बसतो. "सांगितलेली खोड गिऱ्हाईक पोसतं, लपवलेली दावणीला परत येती," असं ते म्हणत. बाजार सुटला तरी नेम सुटला नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "पोरगी कामाला वाघ हाय, पर रागीट हाय." पाहुणे चहा न घेताच उठले. आई आठवडाभर अण्णांशी बोलली नाही. मी मात्र त्या दिवशी पाहुण्यांच्या वाटचाही चहा प्याले, कारण मुलगा मला मुळीच आवडला नव्हता.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. मी तेव्हा आमच्या भाजीचा टेम्पो चालवत होते. टोमॅटो, कोथिंबीर भरून पहाटे नाशिकचं मार्केट गाठायचं आणि ऊन चढायच्या आत परत. मला स्टिअरिंगवर बसलं की जग आपलं वाटतं, अजूनही वाटतं. म्हणून घरात ठरलं की नवी गाडी घ्यायची, ती नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीला महिन्याच्या भाड्यानं करारावर लावायची, आणि चालवायची मी. मी भाड्याची गाडी चालवायचा बिल्ला रीतसर काढला. पांढरीशुभ्र गाडी दारात आली, आईनं ओवाळली.

पण कंपनीत गेलं की साहेब आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या भावाकडे, संतोषकडे बघायचे आणि म्हणायचे, "कळवतो." दोन ठिकाणी असं झालं. कुणी काही कळवलं नाही. तिसरी कंपनी औषधं बनवणारी होती. तिथंही नाही जमलं तर गाडी संतोष चालवणार आणि मी पुन्हा टेम्पोवर, असं घरात ठरून गेलं होतं. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

गाडी अण्णांच्या नावावर, म्हणून त्यांना बरोबर नेलं. गेटबाहेर संतोषनं त्यांना बजावलं, "अण्णा, ड्रायव्हर मीच असं सांगायचं. करार झाला की मग उज्ज्वला बसेल. तुम्ही फक्त सही करा, बोलू नका."

"बरं," अण्णा म्हणाले. अण्णांचं बरं म्हणजे ऐकलं एवढंच, मानलं असं नाही.

साहेबांचं नाव चांदोरकर. चष्मा नाकावर, समोर थंड झालेला चहा. त्यांनी विचारलं, "गाडी कशी आहे?" संतोष तोंड उघडणार तोच अण्णांनी टोपी सारखी केली.

"साहेब, आधी खोडी सांगतो. गाडी नवी हाय, पर माणसं भरून घाट चढताना एशी बंद करावा लागतो, न्हाय तर दम टाकती. मागं तिघं म्हणत्यात, पर दोघंच सुखानं बसतील. आता ड्रायव्हर. ड्रायव्हर ही माझी पोरगी."

संतोषनं डोळे मिटले. मी जमिनीत गडप व्हायची जागा शोधत होते.

"हिला शेजारी बसून कुणी शिकवल्यालं खपत नाय. मी एकदा ब्रेक मार, ब्रेक मार म्हणलो, तर भर उन्हात मला चांदोरीच्या फाट्यावर उतरवून ही निघून गेली. बापाला! दुसरं, सकाळी चहा झाल्याबिगर हिच्याशी बोलायची सोय नाय. तिसरं, गाडीत कुणी तंबाखू थुकला तर तो साहेब हाय का कोण हाय, ही बघनार नाय. झालं. आता तुमच्या कंपनीच्या खोडी सांगा."

 चांदोरकर साहेब चष्मा काढून हसायला लागले, ते थांबेनात. "आमच्या? बिल वेळेवर निघत नाही. पाहुणे गाडी सातला बोलावतात आणि नऊला बाहेर येतात. आणि रविवारी घरच्या कामाला गाडी मागणारे साहेब आहेत, त्यात मी पण."

"मंग जमंल," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल साहेबांच्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलखाली बोटं दाबून, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. बोटांचा हिशोब अण्णांनी साहेबांना कानात सांगितला, पण आकडा गुपचूप ठेवायचा हे त्यांना काय ठाऊक! बोटं दाबल्याबरोबर ते मोठ्यानं म्हणाले, "अठरा हजार?"

"अहो, बोंबलू नका!" अण्णा कळवळून म्हणाले. खोलीत आम्ही चौघंच होतो.

मग साहेबांनाही गोडी लागली. टॉवेलखाली बराच वेळ दाबादाबी चालली. ठरलं ते दोघांच्याही सोयीचं ठरलं. किलोमीटर जास्त झाले तर जास्तीचे पैसे, दोन तासांवर थांबवलं तर त्याचे वेगळे. "आन पेंड महागली की दूध महागतं," अण्णा म्हणाले, "तसं डिझेल वाढलं की भाडं वाढंल. उतरलं तर उतरंल बी." साहेबांनी मान डोलावली. रविवार मात्र माझा, तो अण्णांनी काही केल्या सोडला नाही.

हात काढून घेताना साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "खालकर, इतक्या खोडी सांगितल्यात, पण ड्रायव्हर बाई आहे, ही सगळ्यात मोठी अडचण. ती नाही सांगितलीत?"

अण्णा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, मी तर खोडी सांगत व्हतो," ते म्हणाले.

 साहेबांनी माझा बिल्ला मागितला, नीट बघितला आणि सोमवारपासून गाडी घेऊन यायला सांगितलं.

बाहेर येऊन मी गाडीचं दार उघडलं आणि मला रडू कोसळलं. संतोष हसत होता, पण अण्णा घाबरले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय झालं गं उजे? भाव कमी पडला का?"