सहाच्या वर नाही

परब बुवांनी जिवंत माणसाला दहापैकी सहाच्या वर गुण कधी दिले नाहीत. चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये गणपतीत आणि नवरात्रात ज्या काही स्पर्धा व्हायच्या, म्हणजे भजन, रांगोळी, पाककृती, अगदी छोट्या मुलांची वेशभूषासुद्धा, त्या सगळ्यांना परीक्षक तेच. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका गोदामात लागले, पण सगळे त्यांना ओळखायचे ते भजनातले बुवा म्हणून. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पंचा, आणि निकालाच्या कागदावर तीन, चार, साडेचार.

मी पाचवीत असताना पाठांतर स्पर्धेत भाग घेतला होता. मला चार मिळाले आणि मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी बुवा स्वतः दारात आले. "चार म्हणजे बरे गो," म्हणाले. "दहा देवाचे. नऊ माझ्या गुरूचे. आठ नि सात जे गेले त्यांचे. जित्या माणसाक सहाच्या वर नाय. तिका चार मिळाले तर रडता कित्याक?" हे शेवटचं माझ्या आईला होतं. आईला काही पटलं नाही. पहिला नंबर मात्र माझाच आला होता, कारण बाकीच्यांना तीन होते.

दोन वर्षांपूर्वी बुवांची बायपास झाली. त्यांचा मुलगा जहाजावर असतो आणि तेव्हा तो भर समुद्रात होता. म्हणून सुलभाकाकींनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, मला बोलावलं. आमच्या सोसायटीत कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे लाइट बिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत कोणाचाही इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. मी बी.ए.ला इतिहास घेतलाय, हे सांगून काही उपयोग होत नाही. "डॉक्टर इंग्रजीत बोलतात," काकी म्हणाल्या. "तू वर जा, ऐक आणि मला खाली येऊन सांग." वॉर्डात एका वेळी एकच पास चालायचा. डॉक्टरांच्या राउंडला तो माझ्या हातात असायचा आणि काकी खालच्या बाकावर बीपीची गोळी मुठीत धरून बसायच्या.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर शीतल सिस्टर दर काही तासांनी बुवांना विचारायच्या, "आजोबा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती?"

बुवा डोळे मिटायचे. मान किंचित वाकडी करायचे, पखवाज ऐकताना करायचे तशी. मग म्हणायचे, "तीन."

"बरं, तीन."

"साडेतीन लिवा. सुरुवातीक जोर नव्हतो, पण मगे रंगला."

सिस्टरना वाटायचं आजोबा विनोदी आहेत. त्या हसून साडेतीन लिहायच्या, पॅरासिटामॉल द्यायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. मी खाली जाऊन काकींना सांगायचे. काकी लगेच गावी फोन लावायच्या. "तीनच म्हणतत. हो गो, तीनच." आणि मी परत वर गेले की बुवा आधी विचारायचे, "खाली काय सांगितलंस?" मी म्हणायचे, तीन. ते मान हलवायचे.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. छाती उघडून परत शिवली की पेशंटला खोल श्वास घ्यावा लागतो आणि खोकून कफ बाहेर काढावा लागतो. त्यासाठी त्यांना तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास ओढला की चेंडू वर जातात. बुवांचा एकही चेंडू हलत नव्हता. पन्नास वर्षं भजनात एका श्वासात ओळ घेणारा माणूस नळी चोखल्यासारखी करायचा आणि बाजूला ठेवायचा. "पोरांचा खेळणा," म्हणायचे. खोकायला सांगितलं तर घसा साफ केल्यासारखं काहीतरी करायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि बुवांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. "कफ साचतोय. दुखणं तर तीन-साडेतीन आहे, मग आजोबा खोकत का नाहीत? कंटाळा करतायत. असंच राहिलं तर परत आयसीयूत न्यावं लागेल, कदाचित श्वासाच्या मशीनवर." मी वहीत सगळं लिहून घेतलं. मशीनवर हा शब्द लिहिताना पेन थांबलं. हा शब्द घेऊन मी काकींकडे कशी जाणार होते?

डॉक्टर गेल्यावर बुवांना पाणी हवं होतं. पाण्याचा ग्लास खाटेपासून हातभर लांब होता. त्यांनी हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि परत चादरीवर ठेवला. कपाळावर घाम होता. मी ग्लास दिला. तेवढ्यात सिस्टर आल्या. "किती, आजोबा?"

"साडेचार," बुवा म्हणाले. आणि मग जरा कौतुकाने, "ह्या येळेक चांगला होता."

साडेचार म्हणजे काय ते आमच्या सेक्टरमधल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. साडेचार मिळाले की ढोल वाजायचे.

सिस्टरच्या मागोमाग मी बाहेर गेले. डॉक्टरांना सांगण्यासाठी मनात एक इंग्रजी वाक्य जुळवत होते, ते काही पुरं होईना. शेवटी सिस्टरनाच म्हणाले, "सिस्टर, एक विचारू? म्हणजे सांगू? ते कोणालाच सहाच्या वर देत नाहीत."

"काय देत नाहीत?"

"गुण."

मग मी पाठांतर स्पर्धेपासून सगळं सांगितलं. मला फार वेडपट वाटत होतं. सिस्टर आधी खूप हसल्या. मग त्यांनी हातातली फाइल उघडली, तीन, साडेतीन, तीन, साडेचार असं बोट फिरवत वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. त्या तशाच आत वळल्या.

"आजोबा, आजपर्यंत सगळ्यात जास्त गुण कोणाला दिले तुम्ही?"

"सहा. गोराईचो एक पखवाजवालो होतो."

"आणि कूस बदलताना जे दुखतं, त्याला?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, "गो, तू जरा खाली जा."

"ती नाही जाणार," सिस्टर म्हणाल्या. "सांगा."

"पखवाजवाल्याच्या पुढे गेला," बुवा भिंतीकडे बघून म्हणाले. "पण तां तुम्ही लिवलात तर हिका सांगूक व्हया. नि ही जातली खाली सांगूक. खाली ती बीपीची बाई आसा."

मी चादर सारखी केली, जी सारखीच होती.

तासाभरात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बारीक आवाजाच्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, अफूच्या जातीचं जोरदार औषध. ते शिरेतून, मोजून देतात.

बुवांचा हात माळेकडे गेला. "माळकऱ्याक अफू?"

"व्यसन लागेल एवढं कोणी देत नाही, आजोबा. दोन-चार दिवस, आणि आम्ही लक्ष ठेवतो. गुंगी येते, मळमळतं, पोट साफ होत नाही, हे मात्र खरं. दुसरा मार्ग म्हणजे छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना सुई देऊन तिथल्या नसा काही तास बधिर करायच्या."

बुवांनी बराच विचार केला. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "सुई दिली तर गाणारो गातच रवतलो, तुम्ही नुसतो माइक बंद करतल्यात. नि अफू दिली तर माइक चालू, ऐकणारे झोपवतल्यात."

डॉक्टरांनी विचारलं, "हे मी विद्यार्थ्यांना शिकवताना वापरू का?"

"वापरा. माइक बंद करा."

त्यांनी सोनोग्राफीच्या मशीनवर बघत सुया दिल्या. अर्ध्या तासाने बुवांनी उशी छातीशी धरली आणि खोकले. असं खोकले की समोरच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. मग नळी तोंडात धरली. पहिला चेंडू वर गेला, दुसरा गेला, तिसरा थरथरला आणि खाली पडला. "तिसरो उद्या," बुवा म्हणाले.

संध्याकाळी बधिरपणा उतरू लागला, तेव्हा त्यांनी स्वतः घंटी दाबली. या वेळी थोडं अफूवालं औषधही घेतलं, आधी माळ काढून माझ्या हातात दिली आणि मग. पुढचे दोन दिवस पोट साफ झालं नाही. त्याचा दोष त्यांनी अफूला न देता हॉस्पिटलच्या पेजेला दिला. ताप उतरला. आयसीयूचं नाव परत कोणी काढलं नाही.

काकींना मी सगळं सांगितलं. पखवाजवाल्यासकट. मला वाटलं त्या रडतील, निदान गोळी तरी घेतील. त्या एवढंच म्हणाल्या, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. गिरणीत बोट चिरडलं तेव्हा मला म्हणाले, खरचटलंय. मी काय दगड आहे?"

आता दोघं गावी राहायला गेलेत. पण मला बुवा आठवतात ते डिस्चार्जच्या दिवशीचे. टॅक्सीच्या मागच्या सीटवर काकी आणि बुवा, बुवांच्या छातीशी उशी, तिच्यावरून पट्टा. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. लिंक रोड सोडून गाडी आत वळली आणि पहिला स्पीडब्रेकर आला.

"दुखला," बुवा काकींना म्हणाले.

काकी पुढे वाकल्या. "भाऊ, जरा हळू. त्यांना दुखतंय."

दुसऱ्याला बुवा म्हणाले, "ह्या जास्त दुखला. डावीकडे."

"भाऊ, ऐकलंत ना? डावीकडे दुखतंय त्यांना."

"मावशी, अजून नऊ-दहा आहेत घरापर्यंत," ड्रायव्हर म्हणाला. "किती हळू घेऊ?"

"असू देत," काकी म्हणाल्या. त्यांनी बुवांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि काचेतून पुढे रस्त्याकडे बघत बसल्या. मला वाटतं, त्या पुढच्या स्पीडब्रेकरची वाट बघत होत्या.