रंगूबाईंचा उंच पलंग

रंगूबाईंविषयी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. अठरा वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, पण त्यांचं माहेरचं आडनाव मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांचे अर्ज लिहून देई, एवढंच. दुर्गदबैल बाजारातल्या कापडाच्या दुकानात पावत्या लिहून लिहून माझं अक्षर बरं झालं होतं. पण त्यांच्या पलंगाची गोष्ट मला माहीत आहे, आणि ती सांगायला आता दुसरं कोणी राहिलेलं नाही.

रंगूबाई मुलं सांभाळायच्या. आया कामाला निघाल्या की नऊ मुलं त्यांच्या एका खोलीत येऊन पडायची. १९८३ साली सरकारी कागद आला, की घरी मुलं सांभाळणाऱ्यांनी परवाना घ्यावा. कागदामागून हिरेमठ साहेब टेप घेऊन आले. टेपचं दुसरं टोक मुलांनी पकडून गल्लीत पळवलं, ते परत आणेपर्यंत अर्धा तास गेला.

"खोली नऊ बाय पंधरा," साहेब घाम पुसत म्हणाले. "एका मुलाला पंधरा चौरस फूट लागतात. पण पलंगाची जागा वजा. म्हणजे सात मुलं. दोन कमी करा, नाहीतर परवाना नाही. पंधरा दिवसांनी येतो."

"कुठली दोन, साहेब?"

"ते तुम्ही ठरवा की."

रंगूबाईंनी ठरवायला घेतलं आणि दोन दिवस त्यांना घास गिळवेना. भाजी विकणारी लक्कव्वा म्हणाली, "माझ्या बसूलाच काढ अक्का, दोघांचं खातोय मेला," आणि पदर डोळ्याला लावून उंबऱ्यावरच बसली. बसूला घेऊन ती बाजारात कशी बसणार होती?

"मुलं राहतील," रंगूबाई म्हणाल्या. "पलंग जाईल."

पण पलंग जाईना. सहा जणांनी तो आडवा केला, उभा केला, भिंतीचा गिलावा पाडला. रंगूबाईंच्या लग्नात अळणावरचं सागवान आणून सुताराने तो खोलीतच जोडला होता. दार अडीच फुटी आहे हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण पंगत बसायची घाई होती. कुणीतरी करवतीचं नाव काढताच रंगूबाईंचे यजमान सत्याप्पा पलंगावर पालथे पडले. "आधी मला कापा!"

एवढ्यात पलंगाखाली लपलेला बसू उठायला गेला आणि त्याचं डोकं खाडकन आपटलं. रंगूबाईंनी त्याला ओढून काढलं, टाळू चोळली, आणि चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

"अण्णा," त्यांनी मला हाक मारली, "कागदात नेमकं काय लिहिलंय ते वाचा बघू."

मी वाचलं. मूल ताठ उभं राहू शकेल अशी मोकळी जागा धरावी.

"मग पलंग उंच केला तर?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"तसं करू नका असं लिहिलंय?"

तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार आयांनी आपापल्या घरची दगडी उखळं हातगाडीवर घालून आणली. ती पालथी घातली आणि त्यांवर पलंगाचे चार पाय ठेवले. नवी उखळं येईपर्यंत त्या चार घरांत शेंगदाण्याची चटणी झाली नाही. सत्याप्पा स्टुलावर चढून झोपायला जाऊ लागले. "मी काय माकड हाय?" ते वरून विचारायचे. खालून नऊ मुलं एका सुरात "होय!" म्हणायची.

साहेब आले. पलंग बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय, रंगूबाई?"

"मोकळी जागा, साहेब. मोजा की."

रंगूबाईंनी बसूला खाली उभं केलं. तोच सगळ्यांत उंच. त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली. साहेब गुडघ्यावर बसले, टेप घेऊन आत शिरले. त्यांच्यामागून मुलंही शिरली. एक पाठीवर बसलं, एकाने टोपी पळवली, धाकटी मांडीवर डोकं टेकून तिथेच झोपली.

"अय्यो शिवने! हिला उचला कुणीतरी!"

"झोपलेलं मूल उचलू नये, साहेब," रंगूबाई बाहेरून म्हणाल्या.

आत बराच वेळ खुसखुस चालली. मग साहेबांचं हसू फुटलं, ते आवरेना, आणि पलंगाखालून आवाज आला, "ओंबत्तु! नऊ! लिहा, नऊ!"

लक्कव्वाने बसूला उचलून गरागरा फिरवलं. सत्याप्पांनी वरूनच टाळ्या वाजवल्या आणि पडता पडता वाचले.

साहेबांनी परवान्यावर सही केली तीही पलंगाखालीच, धाकटी जागी होऊ नये म्हणून.

सहा वर्षांनी एकदा मी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज लिहून द्यायला गेलो होतो. पलंग उखळांवरच होता.

"आता तरी उतरवा," मी म्हटलं. "बसू शाळेत जातो की."

"परवाच एक नवं पोर आलंय, अण्णा, पुन्हा नऊ झाली. राहू दे वरच."

मी निघालो. गल्ली ओलांडेपर्यंत मागून हाक आली.

"अण्णा, छत्री राहिली तुमची!"

"असू दे, उद्या नेतो," मी म्हटलं.