सरोजबाई टाळायच्या ती गोष्ट

दाविदभाऊंचा फोन यायचा तो नाताळातच, आणि तोही सरोजबाईंनी नंबर लावून रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला तर. त्यामुळे ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकता सुरू झालेला असताना, भर दुपारी, पलीकडून त्यांचा आवाज आला तेव्हाच मला उमजायला हवं होतं. "माया, दाविद बोलून राह्यलो, आलापल्लीवरून," एवढं म्हणून ते थांबले. मी विचारलं, बाई कशा आहेत? "सकाळी चहा घेतला तिनं. थोडी पडते म्हणे... मंग उठलीच नाई बेटा." नगरहून बल्लारशापर्यंत गाडी आणि तिथून पुढे बस, म्हणजे मातीला पोहोचणं शक्यच नव्हतं. मी फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं नाही. बाईंच्या ओसरीवरचा लहान मुलांचा कालवा तेवढा कानात वाजत राहिला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे यजमान वनखात्याच्या नोकरीत बदलून आलापल्लीला गेले, तेव्हा मी लग्न होऊन वर्ष न झालेली नगरची मुलगी होते. आमच्याकडे चर्च म्हणजे दगडी इमारत, घंटा, बाकांच्या रांगा. आलापल्लीत सागाच्या झाडांमागे एक कौलारू खोली होती आणि तिच्यावर पांढरा क्रूस. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर पन्नाशीकडे झुकलेली, ताठ कण्याची एक बाई माझ्यासमोर उभी राहिली. नर्सच्या पांढऱ्या साडीची सवय असल्यामुळे की काय, रविवारीही त्या फिकटच साडी नेसायच्या. "तू शिकलेली हायस म्हणे. संडे स्कूलले येशीन का? मी एकटी पुरत नाई या पोट्ट्यांले." ओळख अशी झाली. सरोजबाई सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होत्या. आठवडाभर आतल्या गावांतून फिरून सुया टोचायच्या, बाळंतपणं करायच्या, तापाच्या गोळ्या वाटायच्या, आणि रविवारी मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. दाविदभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, लाकूड डेपोत होते. घरात माणसं दोघंच.

मुलं मात्र सगळीकडून यायची. चर्चच्या वसतिगृहातल्या गोंड मुली, सिरोंच्याकडून आलेल्या तेलुगू कुटुंबांतली पोरं, शेजारच्या बौद्ध घरातली दोन भावंडं, आणि नाताळ जवळ आला की शिंपीकाम करणाऱ्या रशीदभाऊंच्या मुलीही, कारण नाताळच्या नाटकातल्या तीन ज्ञानी माणसांचे झगे त्यांच्याच घरी शिवले जायचे. नाताळाआधीच्या रविवारांत बाई एकच गोष्ट पुरवून पुरवून सांगायच्या. पहिल्या रविवारी मरीया आणि देवदूत, दुसऱ्या रविवारी योसेफाची काळजी, तिसऱ्या रविवारी नुसता प्रवास. तो प्रवास त्यांच्या तोंडून ऐकावा. "दिवस भरलेली बाई बैलांच्या बंडीत बसली म्हणजे कसे हाल होतात, थे मले मालूम हाय. गावात कोणी जागा देईना. मंग एकानं म्हटलं, गाईबैलांचा कोठा हाय आमचा, चालते का? तर योसेफ म्हणे, चालते भाऊ." हे "चालते भाऊ" त्या अशा सुटकेच्या सुरात म्हणायच्या की मुलंही श्वास सोडायची. मेंढपाळांच्या रात्रीबद्दल या मुलांना वेगळं काही सांगावं लागत नसे. रानात शेकोटीभोवती बसलेली माणसं आणि पलीकडचा अंधार त्यांना ठाऊक होता. देवदूतानं आल्या आल्या मेंढपाळांना भिऊ नका म्हटलं, हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण तसंच का म्हटलं हे कळलं ते त्या खोलीत, त्या मुलांचे चेहरे पाहून.

गोष्टींसाठी आमच्याकडे मोठ्या रंगीत चित्रांची एक गुंडाळी होती. खिळ्याला टांगायची आणि एकेक पान मागे उलटायचं. उपवासकाळात येशूनं आजाऱ्यांना बरं केलं त्या गोष्टी यायच्या. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की एका ठिकाणी बाई दोन पानं एकदम उलटतात. मला आधी वाटलं, कागद चिकटला असेल. मग एकदा खोली झाडताना मी ते पान पाहिलं. खाटेवर उठून बसलेली एक मुलगी, तिचा हात धरलेला येशू, बाजूला तिचे आईबाप. याईर नावाच्या अधिकाऱ्याची मेलेली मुलगी येशूनं उठवली, ती गोष्ट. मी बाईंना काही विचारलं नाही. दाविदभाऊंना विचारलं, तेही चुकून, त्यांच्या घरातल्या एका फोटोकडे पाहत असताना. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. "शीला," ते म्हणाले. "आमची पोरगी. चौथीत होती."

पावसाळ्यातली गोष्ट होती. सरोजबाई आतल्या गावांच्या दौऱ्यावर होत्या, तिथं मलेरियाची साथ होती. इकडे शीलाला ताप भरला. दाविदभाऊंनी घरात होत्या त्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला, मग मुलगी बरळू लागली. बाई परतल्या तेव्हा तिला भान नव्हतं. जीप मिळाली, मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली, आणि वाटेत नाला चढलेला. पाणी उतरायची वाट पाहत जीप काठावर उभी राहिली. आईच्या मांडीवर मुलगी गेली. "रस्ताभर हाका मारे तिले सरोज," दाविदभाऊ म्हणाले. "शीला, ऊठ. शीला, ऊठ. एवढंच." ते सांगून झाल्यावर त्यांनी फोटोची काच धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि आम्ही दुसरं काही बोलू लागलो.

मार्च लागला की मोहफुलं पडायला लागतात. सकाळी उजाडायच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असतं, मग रविवारच्या शाळेत कोण येणार? पहिल्या वर्षी मी रिकाम्या खोलीत वाट पाहत बसले होते. बाई आल्या, खिळ्यावरची गुंडाळी काढली आणि म्हणाल्या, "पोट्टे मोहाखाली हायेत, तं शाळा मोहाखाली." तेव्हापासून उपवासकाळातली शाळा रानात भरायची. मुलं फुलं वेचायची, बाई फिरत फिरत गोष्ट सांगायच्या, गोड वासानं डोकं जड व्हायचं. येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट तर तिथं फारच सोपी होऊन जायची. "बाया अंधाराच्याच निघाल्या कबरीकडे," त्या म्हणायच्या, "तुमच्या घरच्या बाया मोहाले निघतात तशा."

मी तिथं होते त्यातल्या चौथ्या की पाचव्या वर्षी, अशाच एका सकाळी, चित्रांची गुंडाळी उचलून आणायचं काम सोमीकडे होतं. सोमी वसतिगृहातली, दहा-अकरा वर्षांची, फार कमी बोलणारी मुलगी. त्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण गावी तापानं गेली होती, आणि सुट्टीवरून परतल्यापासून ती आणखीच गप्प झाली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तिनं गुंडाळी जमिनीवर पसरली होती आणि नेमक्या त्या पानावर हात ठेवून बसली होती. "बाई," ती म्हणाली, "ही पोरगी कोन हाय?"

सरोजबाई उभ्याच राहिल्या. मी घाईनं पुढे झाले. म्हटलं, ती गोष्ट मी सांगते पुढच्या रविवारी. सोमीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "मेली होती म्हणे. मोठ्या पोरी सांगत होत्या. मंग उठली म्हणे. तुमी आमाले काऊन नाई सांगत?" आजूबाजूची मुलं वेचायची थांबली. बाईंनी हातातली टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि मोहाच्या मुळावर बसल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं.

त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली, ती बापापासून. मोठा माणूस, गावात मान, पण मुलीला बरं नाही म्हणून येशूच्या पाया पडला. येशू निघाला, तर वाटेत ही गर्दी. एक आजारी बाई मधेच आली, येशू तिच्यासाठी थांबला. "बापाचा जीव तं वरखाली होत असन," बाई म्हणाल्या. "त्याले वाटत असन, चल ना लवकर, चल ना. वाटेत थांबाचं म्हणजे काय असते, थे..." आणि त्या थांबल्या. मग त्यांनी गोष्ट पुढे नेली. घरून निरोप आला की पोरगी गेली, आता उगाच गुरुजींना त्रास देऊ नका. तरी येशू गेला. रडणाऱ्यांना बाहेर काढलं. मुलीचा हात धरला, म्हणाला, पोरी ऊठ. आणि ती उठली.

सोमीनं विचारलं, "खरी हाय का गोष्ट?"

"हो."

"मंग माही बहीन काऊन नाई उठली? माह्या मायनं बी हाका मारल्या तिले."

मी आजवर अनेक चांगले पाळक ऐकले आहेत. या प्रश्नाला ते काय उत्तर देतात तेही ठाऊक आहे, आणि ते उत्तर खोटं असतं असंही मी म्हणणार नाही. सरोजबाईंनी ते दिलं नाही. त्या म्हणाल्या, "माही पोरगी बी नाई उठली सोमी. मी बी हाका मारल्या. काऊन, थे मले मालूम नाई. मी रोज विचारून राह्यली देवाले. अजून सांगतलं नाई त्यानं." शीला नावाची मुलगी होती हे त्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. सोमी जागची उठली आणि बाईंच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

मग बाईंना आठवलं की गोष्ट अजून संपलेली नाही. "ऊठ म्हणून तो थांबला नाई," त्या म्हणाल्या. "सगळे आ करून पाहून राह्यले होते. तं येशू म्हणे, आधी पोरीले काही खाऊ घाला." त्या किंचित हसल्या. "उठवनं माह्या हाती नाई बापा. खाऊ घालनं हाय." त्या दिवशी सगळ्या मुलांना घेऊन त्या घरी आल्या आणि दाविदभाऊंना चूल पेटवायला लावली. शीला गेल्यापासून त्या ओसरीवर मुलांची पंगत बसली नव्हती, हे मला नंतर कळलं. भात, फोडणीचं वरण आणि लोणच्याची फोड. दाविदभाऊ वाढत होते. सोमीच्या ताटात त्यांनी तीनदा भात घातला आणि ती मुकाट्यानं जेवली. सरोजबाई आत जाऊन रडत असतील म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले, तर त्या परातीत उरलेला भात निपटत होत्या. "पाहत का उभी हायस," मला म्हणाल्या. "पानी ने त्यायले."

त्यानंतर ते पान कधी उलटून टाकलं गेलं नाही. मला वाटतं, गोष्ट सांगून बाईंचं दुःख हलकं झालं असं म्हणणं खोटं होईल. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की त्या तशाच गप्प होत. फक्त आता मुलं त्यांना शीलाबद्दल विचारायची. ती कोणतं भजन म्हणायची, तिला काय आवडायचं. आणि बाई सांगायच्या. आमची बदली झाली तेव्हा बसमध्ये मी रडत होते, त्या माझ्या खिडकीशी उभ्या राहून कोरडेपणानं म्हणाल्या, "तिकडं बी पोट्टे असतीनच की." नगरला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी इथल्या मुलांना घेऊन बसू लागले. दरवर्षी उपवासकाळात याईराची गोष्ट आली की मी बाईंसारखीच वाटेत थांबते, आणि मुलांना तो उशीर जाणवू देते.

यंदा झावळ्यांच्या रविवारला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मी आलापल्लीला गेले. सोमी भेटली नाही. ती आता एटापल्लीकडे नर्स आहे, मातीला ती होती, बाईंना शेवटची आंघोळ तिनंच घातली असं दाविदभाऊ म्हणाले. त्यांनी मला बाईंची खोली दाखवली. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आम्ही दोघं चहा घेत बसलो आणि दूरवरून मुलांचं गाणं ऐकू येऊ लागलं. शिंदीच्या झावळ्या घेऊन फेरी चर्चकडे निघाली होती. गेली दोन वर्षं बाईंना चालवत नव्हतं, म्हणून फेरी त्यांच्या दारात थांबायची आणि त्या खाटेवरूनच आवाज मिसळायच्या, हे मला तेव्हा कळलं. पाळकसाहेब पुढे होते, ते मान खाली घालून घरावरून पुढे गेले. मुलं फाटकाशी थांबली.

दाविदभाऊ लगबगीनं बाहेर गेले. "बाई नाई आता, पोट्टेहो," ते म्हणाले. "जा समोर, पाळकसाहेब गेले पाहा."

पुढे एक लहानशी मुलगी होती, झावळी तिच्याहून उंच. "मालूम हाय आजोबा," ती म्हणाली. "आमी दुसरं कडवं इथीच म्हनतो."

आणि त्यांनी म्हटलं. ते संपेपर्यंत दाविदभाऊ फाटक धरून उभे होते, आणि मागच्या मुलांनाही बाईंचं दार दिसावं म्हणून त्यांनी ते पूर्ण उघडून धरलं होतं.